रिकाम्या मडक्याची निगा

परभणीहून जिंतूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर बोरी हे गाव लागते. निजामाच्या राजवटीत हा मुलूख औरंगाबाद सुभ्यातील परभणी जिल्ह्यात, जिंतूर तालुक्यात मोडत असे. आणि त्या काळाच्या इतर सर्व गावांप्रमाणेच बोरीच्या पंचक्रोशीतही मद्याचा जो काही इतिहास कागदावर उतरला, तो आबकारीच्या दप्तरातून उतरला. गुत्त्याचा हर्रास कोणाच्या नावे सुटला, वसूल किती जमा झाला, बाकी कोणाकडे राहिली, विनापरवाना भट्टीबद्दल कोणावर मुकदमा भरला, एवढेच जाणून घेण्याची सरकारला गरज होती, म्हणून एवढेच लिहिले गेले. ज्या मडक्यात शिंदी उतरली, ज्या रांजणात मोहाची फुले भिजली, ज्या नळीतून वाफ थंड होत खाली आली, त्या भांड्यांचे दोन खेपांच्या मधल्या काळात काय होत असे, ती कशी धुतली, वाळवली, धुरावली आणि पुढच्या हंगामापर्यंत कोठे ठेवली जात, याविषयी दप्तर मौन पाळते. माझ्या मते मात्र या धंद्यातील खरी विद्या त्या रिकाम्या भांड्याच्या निगेतच होती, आणि हा धंदा आमच्या प्रांतात जसजसा प्रथम सरकारच्या व नंतर अंधाराच्या हाती गेला, तसतशी हीच विद्या सर्वांच्या आधी लयाला गेली.

भरल्या भांड्याकडे सर्वांचे लक्ष असते, परंतु आंबवण्याच्या प्रत्येक उद्योगात पुढच्या खेपेचे भवितव्य रिकाम्या भांड्यातच ठरत असते. शिंदीच्या झाडाचा पहाटेचा रस गोड असतो, त्यात दहा-बारा टक्के साखर असते, आणि तो ज्या मडक्यात ठिबकतो त्या मडक्याच्या अंगात जर आदल्या दिवसाचा अंश शिल्लक असेल, तर सूर्य वर येईपर्यंत त्या रसाला फेस धरतो, दुपारपर्यंत त्यात मादकता येते आणि दुसऱ्या दिवशी तो आंबट होऊन सिरक्याच्या वाटेला लागतो. मातीचे भांडे सच्छिद्र असते; त्याच्या सूक्ष्म रंध्रांत शिरलेले किण्वजंतू नुसत्या पाण्याने निघत नाहीत. दुधात विरजण लावण्यासाठी गृहिणी वाटीच्या तळाशी थोडे दही राखून ठेवते, तसे हे मडके स्वतःच आपले विरजण अंगात बाळगून असते. मात्र त्या रंध्रांत साखरेचे मद्य करणारे जंतू असतात, आणि मद्याचा सिरका करणारेही असतात. मडके ओलसर, उघडे आणि दुर्लक्षित राहिले की दुसऱ्यांचे फावते. म्हणून कलालाला, म्हणजे मद्य करणाऱ्या कारागिराला, मडके ‘स्वच्छ’ करायचे असे म्हणताना आपण जरा जपून बोलले पाहिजे. त्याला सर्व जीवांचा उच्छेद करायचा नसून निवड करायची असे; कोणाला राहू द्यायचे आणि कोणाला हाकलायचे, हे त्याला नाकाने आणि जिभेने ठरवावे लागे.

ही निवड आपल्याकडे फार प्राचीन काळापासून विचारपूर्वक होत आली आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात सुराध्यक्षाचे स्वतंत्र प्रकरण आहे. त्यात सुरा गाळण्याचा आणि विकण्याचा कारभार राजसत्तेच्या ताब्यात दिला असला, तरी कुटुंबवत्सल गृहस्थांना मंगलकृत्यांसाठी घरी श्वेतसुरा करण्याची आणि औषधासाठी अरिष्ट करण्याची मुभा ठेवली आहे. आणि त्याच प्रकरणात उडदाचा कल्क व तांदूळ यांपासून किण्व कसे सिद्ध करावे, याचे प्रमाणही दिले आहे. किण्व जर वेगळे सिद्ध करून घातले, तर भांड्याच्या अंगातील जुन्या अंशावर विसंबण्याचे कारण उरत नाही, आणि भांडे मनसोक्त शुद्ध करता येते. आयुर्वेदाने नेमके हेच केले. आसव-अरिष्टांच्या संधानासाठी घ्यावयाचे मातीचे पात्र आतून तुपाने माखून मुरवलेले असावे, म्हणजे त्याची रंध्रे बुजतात. त्याला अगरू, जटामांसी, पिंपळी अशा द्रव्यांची धुरी द्यावी. मग काढा, गूळ वा मध आणि धायटीची फुले घालून तोंड कापडाने व मातीने लिंपून ते पात्र निवांत जागी ठेवावे, असा हा क्रम आहे. धायटीच्या फुलांसवे किण्वजंतू बाहेरून येतात. पात्राने मात्र आपले काही त्यात मिसळायचे नाही. देवगिरीच्या यादवांचा मंत्री हेमाद्री याने वाग्भटाच्या अष्टांगहृदयावर ‘आयुर्वेदरसायन’ ही टीका लिहिली, ती याच मराठवाड्याच्या भूमीत. तेव्हा हे शास्त्र आमच्या प्रांताला परके होते असे कोणी समजू नये.

युरोपात हाच विचार सिद्ध व्हायला एकोणिसावे शतक उजाडावे लागले. लुई पाश्चरचा बियरवरील ग्रंथ १८७६ साली प्रसिद्ध झाला आणि मद्य नासते ते हवेतील व भांड्यातील परक्या जंतूंमुळे, हे त्याने दाखवून दिले; १८८३ साली कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत एमिल ख्रिश्चन हान्सेन याने एकाच पेशीपासून वाढवलेले शुद्ध किण्व वापरात आणले. त्या दिवसापासून बियरच्या पिंपाची निगा ही निवडीची कला उरली नाही. पिंप निःशेष निर्जंतुक असले पाहिजे, असा दंडक पडला. त्यापूर्वी तेथील लाकडी पिंपांत गंधकाची वात जाळून धूर कोंडीत, आणि आपल्याकडे अगरू-गुग्गुळाची धुरी देत. दोन्ही ठिकाणी अनुभवाने शोधलेला उपाय एकच होता.

आता शिंदीकडे वळू. मराठवाड्यातील ओढ्यानाल्यांच्या काठी, पाणथळ जागी शिंदीची झाडे आपोआप वाढतात. थंडीच्या दिवसांत झाडाच्या शेंड्याखालची साल तासून तेथे खाच पाडतात आणि तिच्यातून झिरपणारा रस खाली टांगलेल्या मडक्यात उतरवतात. एका वर्षी एका अंगाला, पुढच्या वर्षी दुसऱ्या अंगाला, असा हा छेद आळीपाळीने घेतला जात असल्यामुळे जुन्या झाडाच्या खोडावर वळणावळणाची नक्षी उमटते आणि जाणत्याला तिच्यावरून झाडाचे वय व त्याने सोसलेले हंगाम मोजता येतात. रस सायंकाळपासून पहाटेपर्यंत साठतो. रोज मडके खाली येते, रिकामे होते आणि पुन्हा वर जाते. त्या मधल्या घटकाभरातच त्याची निगा व्हायची. बंगालात, जेथे याच जातीच्या झाडाच्या रसाचा गूळ करतात, तेथे मडकी धुऊन, वाळवून, पेंढ्याच्या धुरावर पालथी धरण्याचा परिपाठ आहे, कारण गुळासाठी रस आंबता कामा नये. ज्याला शिंदी हवी, त्याने मात्र मडके धुरावायचे नसते. तळचा गाळ किंचित राखून, काठाची साय व मेलेल्या माश्या-मुंग्या तेवढ्या काढून ते पुन्हा चढवायचे असते. एकाच झाडाखाली, एकाच पहाटे, मडक्याला दिलेल्या वागणुकीवरून ठरते की खाली गूळ होणार की नशा.

हंगाम संपल्यानंतरची गोष्ट याहून नाजूक. फाल्गुन उलटला की रस आटतो आणि मडकी पुढच्या थंडीपर्यंत, म्हणजे सबंध उन्हाळा आणि त्याहून कठीण असा सबंध पावसाळा, रिकामी राहतात. मराठवाड्याचा उन्हाळा या कामी उपकारक आहे. राखेने घासलेले मडके वैशाखाच्या उन्हात चार दिवस पालथे पडले की त्याच्या रंध्रांतला ओलावा पार निघून जातो, आणि ओलाव्यावाचून बुरशीला आसरा मिळत नाही. राखेत क्षार असतात, ते चिकट अंश सोडवतात. तांब्याच्या भांड्याला राखेनंतर चिंच लावतात, तिचे अम्ल क्षाराने न निघालेले डाग व कीट काढते. क्षार आधी आणि अम्ल नंतर, हा क्रम आमच्या प्रत्येक मोरीत पिढ्यान्‌पिढ्या पाळला गेला आहे, आणि त्यामागचे रसायनशास्त्र कोणी शिकवले नसले तरी तो बिनचूक आहे. यानंतर मडकी उतरंडीला लागत. धाब्याच्या, माळवदाच्या घरात चुलीच्या धुराच्या पट्ट्यात रचलेली उतरंड पावसाळाभर कोरडी राही. ज्या घरात उतरंड नीट लागत असे त्या घराची आंबवण, मग ती कशाचीही असो, सहसा बिघडत नसे.

मोहाच्या भट्टीची तऱ्हा वेगळी. चैत्राच्या आगेमागे झडलेली मोहाची फुले वाळवून ठेवली की वर्षभर पुरतात, म्हणून या भट्टीला हंगामाचे बंधन नसे. फुले रांजणात काही दिवस भिजत, आंबत, आणि मग ते आंबवण चुलीवरच्या भांड्यात उकळून त्याची वाफ नळीने दुसऱ्या, पाण्यात बुडवलेल्या भांड्यात उतरवत. सांधे मातीने व कापडाच्या पट्टीने लिंपलेले असत. येथे सर्वांत अवघड भाग नळीचा. बांबूच्या पोकळीत हात जात नाही, कुंचा जात नाही, आत काय साचले आहे ते डोळ्यांना दिसत नाही. तिला शुद्ध करणारी एकच गोष्ट, ती म्हणजे तिच्यातून वाहणारी वाफच. पण वाफ थांबल्यानंतर ओली नळी दोन्ही तोंडे बंद राहून कोपऱ्यात पडली, की आतून बुरशी धरते आणि पुढच्या खेपेच्या पहिल्या धारेला तो कुबट वास लागतो. यासाठी नळी काम संपताच गरम पाण्याने वाहती करून, उभी टांगून, दोन्ही तोंडे मोकळी ठेवून वाळवली पाहिजे. नळी तांब्याची असेल तर धोका आणखी मोठा. आंबट अंश आत राहिला तर तांबे कळकते, आणि कळकलेल्या तांब्याचा हिरवा विषारी थर पुढच्या खेपेत उतरतो. आजच्या बियरच्या पिंपापासून तोटीपर्यंत जाणाऱ्या लवचिक नळीची अडचण तंतोतंत हीच आहे. पिंप उघडता येते, नळी उघडता येत नाही. तिच्या आतल्या अंगाला जंतूंचा बुळबुळीत पापुद्रा धरतो, आणि म्हणून तिच्यातून ठरावीक मुदतीने क्षाराचे पाणी खेळवावे लागते.

या सर्व निगेला वेळ लागतो, उजेड लागतो, अंगण लागते आणि पुढच्या वर्षीही हाच धंदा आपल्याकडे असेल असा भरवसा लागतो. हा भरवसा प्रथम गुत्तेदारीने काढून घेतला. हैदराबाद संस्थानात आबकारीचे उत्पन्न हे जमीनमहसुलानंतरच्या मोठ्या बाबींपैकी होते. १३१६ फसलीचा, म्हणजे इसवी सन १९०६-०७ चा, आबकारी कायदा होऊन मद्य तयार करणे, बाळगणे व विकणे हे सर्व परवान्याच्या कक्षेत आले. शेजारच्या इंग्रजी मुलखात १८७८ चा मुंबई आबकारी कायदा त्यापूर्वीच जारी झाला होता, आणि १८९२ च्या कायद्याने तर ठाणे-कुलाब्याकडे नुसती मोहाची फुले जवळ ठेवण्यावरही निर्बंध आले होते. हक्काचा हर्रास होऊ लागला की जो सर्वाधिक बोली बोलतो तो गुत्तेदार होतो. आणि बोलीची रक्कम मुदतीच्या आत वसूल करणे हे ज्याचे एकमेव लक्ष्य, त्याला पुढच्या थंडीत ती मडकी कोणत्या अवस्थेत असतील याच्याशी कर्तव्य राहत नाही. मी हे त्या व्यक्तींना दोष देण्यासाठी म्हणत नाही. व्यवस्थाच अशी होती की मडक्याचा मालक, मडक्याचा राखणदार आणि मडक्यावर नफा कमावणारा ही तीन माणसे एकमेकांपासून तुटली. कलाल हा कारागीर होता, तो नोकर झाला. गिऱ्हाईक शेजारी होते, ते वसुलाचे साधन झाले.

म्हणूनच हैदराबाद मुक्तिसंग्रामात आबकारीवर लोकांचा रोष कोसळला, यात नवल नाही. ७ ऑगस्ट १९४७ रोजी स्वामी रामानंद तीर्थ यांच्या नेतृत्वाखाली हैदराबाद स्टेट काँग्रेसचा लढा सुरू झाला आणि पुढील वर्षभरात मराठवाड्यात करोडगिरीची, म्हणजे जकातीची, नाकी उद्ध्वस्त करणे व शिंदीची झाडे तोडणे ही कार्यक्रमाची दोन ठळक अंगे बनली. शिंदीचे झाड तोडणे म्हणजे निजामाच्या तिजोरीचा एक झरा बुजवणे, हा हिशेब सरळ होता, आणि त्या काळी तो योग्यही होता. ज्यांनी कुऱ्हाड उचलली त्यांच्या धैर्याविषयी माझ्या मनात आदरच आहे. परंतु इतिहासाचा अभ्यासक म्हणून एक गोष्ट मला विसरता येत नाही. त्याआधी दहाएक वर्षे, मराठवाड्याच्या सीमेपलीकडे वर्ध्याजवळच्या सेवाग्रामला, गांधीजींच्या प्रेरणेने गजानन नाईक हे कार्यकर्ते याच शिंदीच्या झाडांपासून गूळ करून दाखवत होते. झाड तेच, रस तोच; फरक मडक्याचा होता. आतून चुना फासलेले मडके वर चढवले की रस आंबत नाही, सकाळी ताजी नीरा मिळते आणि कढवली की तिचा गूळ होतो. निजामाला महसूल देणारे झाड आणि गांधीजींना गूळ देणारे झाड यांच्यामध्ये केवळ एक चुन्याचा हात होता. बोरीच्या ओढ्याकाठी कोणी हा प्रयोग केला असता, तर तिजोरीचा तो झरा झाड न तोडताही बुजला असता. पण लढ्याच्या धामधुमीत अशा शांत उद्योगाला अवसर कोठून मिळणार?

सप्टेंबर १९४८ मध्ये पोलीस कारवाईने निजामाची सत्ता संपली. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा मुंबई राज्यात आला, आणि मुंबईचा १९४९ चा दारूबंदी कायदा १९५९ च्या सुधारणेने या प्रदेशालाही लागू झाला. दारूबंदीमागील हेतूविषयी माझ्या मनात शंका नाही. दारूने उद्ध्वस्त झालेले संसार ज्याने पाहिले आहेत त्याला त्या हेतूची थोरवी सांगावी लागत नाही. परंतु मडक्याच्या इतिहासात या कायद्याचा परिणाम विपरीत झाला, हेही तितकेच खरे आहे. धंदा थांबला नाही. तो ओढ्याच्या खोऱ्यात, झुडपांच्या आडोशाला, रात्रीच्या काळोखात गेला आणि त्याला हातभट्टी हे नाव मिळाले. ज्या रांजणाला उघड्यावर वाळवता येत नाही, तो वाळूत पुरून ठेवला जातो. जो पुरून ठेवला तो कधी कोरडा होत नाही. ज्या मडक्यावर कोणत्याही घटकेला छापा पडून ते पंचनाम्यात ‘जागीच नष्ट’ होणार आहे, त्याला राख-चिंच कोण लावील? मोहाची फुले सोडून काळा गूळ आला, आंबवणाच्या जोडीला नवसागर आला, मातीच्या जागी पत्र्याचे पिंप आणि प्लास्टिकचे कॅन आले, आणि ज्या द्रवाला पूर्वी आंबवण म्हणत त्याला पोलिसांच्या भाषेत ‘रसायन’ ही संज्ञा रूढ झाली. आधी उजेड गेला, मग निगा गेली, आणि मागे उरली केवळ नशा. पुढे १९७३ च्या नियमांनी देशी दारूला परवान्याची चौकट मिळाली आणि कारखान्यातून भरून, मोहोरबंद होऊन येणारी बाटली गावोगाव पोचली. बाटली आली तशी भांडे राखण्याची जबाबदारी गावातून कायमची उठली.

जेथे धंदा उजेडात राहिला तेथे काय झाले, हे पाहायचे तर गोव्याकडे पाहावे. काजूच्या फेणीची भट्टी तेथे उघडपणे, परवान्याने, घराण्याच्या नावाने चालत आली. तांब्याचे भाण पिढीकडून पिढीकडे गेले, आणि हंगाम संपताच ते घासूनपुसून ठेवण्याची रीतही त्याच्याबरोबर गेली. २००९ साली फेणीला भौगोलिक निर्देशांकाची मान्यता मिळाली, तेव्हा त्या मान्यतेस पात्र ठरणारी परंपरा शिल्लक होती. आमच्या मोहाला आणि शिंदीला अशी मान्यता मागायची म्हटली, तर कोणत्या भट्टीकडे बोट दाखवणार?

योगायोग असा की त्याच २००९ साली पुण्यात डूलाली ही लघुमद्यनिर्मितिशाळा सुरू झाली आणि महाराष्ट्रात पुन्हा एकदा छोट्या प्रमाणावर, गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत मद्य तयार होऊ लागले. आपल्याकडे घरी मद्य गाळण्यास कायद्याची मुभा नसली, तरी परदेशी गेलेल्या मराठी कुटुंबांतील कित्येक तरुण जेथे मुभा आहे तेथे हौसेने घरची बियर करतात, आणि त्यांना पहिला धडा मिळतो तो पिंपाचा. पिंप रिकामे होताच, आतला अंश वाळण्यापूर्वी, कोमट पाण्याने खंगाळावे. मग गरम क्षाराचे पाणी फिरवावे, म्हणजे प्रथिने व चिकटा सुटतो. तरीही आत जो खडबडीत पांढरट थर राहतो तो कॅल्शियम ऑक्झलेटचा असतो, क्षाराला तो दाद देत नाही, त्यासाठी सौम्य अम्ल लागते. झडपा व रबरी कडी सुटी करून वेगळी धुवावीत. शेवटी जंतुनाशक पाणी फिरवून, निथळवून, पिंपात कर्बवायू किंचित दाबाने भरून ठेवावा, म्हणजे बाहेरची हवा आत शिरत नाही, आणि पुढच्या खेपेला झडप उघडताच येणाऱ्या फुत्कारावरून पिंप मधल्या काळात बंद राहिले होते याची खात्री पटते. नळ्या मात्र भरून ठेवायच्या नाहीत. त्या निथळवून, टोके मोकळी ठेवून, टांगून वाळवायच्या. क्षार आधी, अम्ल नंतर, मग धुरीच्या जागी जंतुनाशक आणि लिंपणाच्या जागी कर्बवायू: जिंतूर तालुक्यातील एखाद्या म्हाताऱ्या कलालापुढे हा क्रम वाचला, तर पोलादी पिंपाचे त्याला नवल वाटेल, क्रमाचे वाटणार नाही, आणि नळी टांगून वाळवावी हे सांगताना तर तोच वाचणाऱ्याला मध्येच थांबवून ती कोणत्या बाजूला तोंड करून टांगायची, वारा कोणत्या अंगाने लागला पाहिजे आणि आभाळ आले असता ती आत केव्हा घ्यायची, हे बजावील.